फोर्ड ‘मॉडेल टी’ : एंजिनभागांची ओळख

जुन्या मोटारगाडीची पुनर्बांधणी करताना एंजिनाचा प्रत्येक भाग कोणत्या काळातील आहे, हे निश्चित करावे लागते. अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीची ‘मॉडेल टी’ (१९०८–२७) हे या कामाचे बोधप्रद उदाहरण होय. या प्रकारच्या दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांचे भाग बव्हंशी परस्परांशी बदलता येत. त्यामुळे एखादा भाग नीट बसला, तरी तो मूळचाच आहे असे ठरत नाही.

हे एंजिन चार सिलिंडरांचे, सु. २,९०० घ. सेंमी. धारणेचे व २० अश्वशक्तीचे असून चारही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात असत. त्याचे शीर्ष सुटे होते. स्थूल रचनेवरूनही काळाचा अंदाज येतो. सुरुवातीच्या सु. २,५०० एंजिनांत पाण्याचा पंप होता. पुढे तापलेले पाणी आपोआप वर चढून थंडाव्याचे अभिसरण होऊ लागले. १९१७ च्या नमुन्यापासून शीर्षाची उंची वाढली. १९१९ मध्ये विद्युत् आरंभक आल्यावर जनित्र बसविण्यासाठी एंजिनात बदल झाले.

अधिक नेमका पुरावा ठोकळ्यावरच मिळतो. त्याच्या डाव्या अंगास, पाण्याच्या प्रवेशमार्गावर, एंजिनाचा क्रमांक ठोकलेला असतो. नंतरच्या ठोकळ्यांवर ओतकामाचा महिना, दिवस व वर्ष उठावाच्या अंकांत आढळतात. ओतकाम अर्थातच क्रमांकाच्या आधीचे असले पाहिजे. तसे नसल्यास ठोकळा बदललेला आहे, असे समजावे.

अशी विसंगती म्हणजे लबाडीच, असे मात्र नव्हे. अनेक ठिकाणी गाडीची नोंदणी एंजिनाच्या क्रमांकावरून होत असे. म्हणून ठोकळा निकामी झाल्यास कोऱ्या ठोकळ्यावर जुना क्रमांक ठोकला जाई. शिवाय गाडीचे उत्पादन १९२७ मध्ये थांबले, तरी एंजिने १९४१ पर्यंत तयार होत राहिली. १,५१,००,००० च्या पुढील क्रमांकाचे एंजिन त्यामुळे कोणत्याही गाडीचे मूळचे असू शकत नाही.

ठोकलेला क्रमांक कानशीने घासून नवा ठोकता येतो. ओतकामाची तारीख बदलणे त्याहून कठीण असते. म्हणून पुनर्बांधणीत दोन्ही खुणा आहेत तशाच राखणे आवश्यक असते. क्रमांक जुळविण्याच्या हव्यासापोटी त्या पुसल्यास गाडीच्या दुरुस्तीचा, म्हणजेच तिच्या वापराचा, इतिहास कायमचा नष्ट होतो.