‘आपण कोणाचे?’ : गिटार आणि परिचयाची रीत

परमुलखात दोन मराठी माणसे प्रथमच भेटली की आडनावानंतर दुसरा प्रश्न ठरलेला असतो, ‘आपण मूळचे कुठले?’ संगीताच्या मंडळींतही असाच एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आला आहे, ‘आपण कोणाचे?’ म्हणजे गुरू कोण आणि घराणे कोणते. वरवर पाहता हा साधा शिष्टाचार वाटतो. परंतु या एका प्रश्नाने कित्येकांना बैठकीत मानाची जागा दिली आहे आणि कित्येकांना उंबरठ्याबाहेर उभे केले आहे. आज आपल्या भोपाळमधील अनेक मराठी घरांत नातवंडांच्या खोलीत गिटार टांगलेली दिसते. हा मुलगा किंवा ही मुलगी जेव्हा दहा गिटारवादकांत प्रथमच जाऊन बसते, तेव्हा स्वतःची ओळख कशी करून देत असेल? सांगायला घराणे नाही, अनेकदा गुरूही नाही. मग या मुलांनी सांगावे तरी काय? याचे उत्तर शोधताना थोडा इतिहास तपासून पाहावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा, मग गुरूच्या गुरूचे नाव सांगायचे, आणि स्वतःचे नाव सर्वांत शेवटी. ग्वाल्हेरहून येऊन इथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना तर हे नव्याने सांगायला नकोच. इचलकरंजीजवळच्या चंदूर गावी १८४९ साली जन्मलेले बाळकृष्णबुवा गाण्याच्या ओढीने वणवण फिरत उत्तरेत आले आणि हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी ग्वाल्हेरची गायकी शिकले. दक्षिणेत परतल्यावर त्यांचा परिचय चंदूरचे एक तरुण गवई एवढाच राहिला नाही. त्यांच्या पाठीशी ग्वाल्हेरचे नाव उभे होते. त्या नावाने श्रोत्यांना हमी मिळत होती की या गळ्यावर कोणीतरी वर्षानुवर्षे मेहनत घेतली आहे.

या रीतीत मोठा गुण होता. माणूस आधी आपले ऋण सांगत असे आणि मगच स्वतःविषयी बोलत असे. पण दोषही तितकाच मोठा होता. ज्याला सांगण्यासारखे नाव नाही, त्याचे वाजवणे ऐकण्याचीही गरज कोणाला वाटत नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या रीतीला पर्याय मिळाला, आणि तो दोन मराठी माणसांनी दिला. बाळकृष्णबुवांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ साली ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले. स्वरलिपी छापली गेली, अभ्यासक्रम आखले गेले, परीक्षा सुरू झाल्या. सामान्य घरातल्या मुलाला, आणि पुढे मुलीलाही, ‘मी अमुक परीक्षा उत्तीर्ण आहे’ असे सांगता येऊ लागले. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या मला या प्रमाणपत्राचे मोल कळते, आणि त्याची मर्यादाही. कागदावरून माणसाची पात्रता ठरते. तो काम कसे करतो हे मात्र तो रुजू झाल्यावरच कळते.

माणसांची ही कथा, तशीच वाद्यांचीही. परदेशातून आलेल्या प्रत्येक वाद्याला ‘आपण कोणाचे?’ हा प्रश्न विचारला गेला. व्हायोलिनला उत्तर भारतीय संगीतात वजन आले ते गजाननराव जोशी यांच्यासारख्यांमुळे. त्यांचे वडील अंतुबुवा हे बाळकृष्णबुवांचे शिष्य. म्हणजे वाद्य पाहुणे असले तरी ते हाती धरणारा घरचाच होता. पेटीच्या वाट्याला अधिक कठोर अनुभव आला. मराठी रंगभूमीने तिला जवळ केले. ‘मानापमान’च्या चालींचे कर्ते गोविंदराव टेंबे यांनी तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. तरीही १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. तिच्यातून मींड निघत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हे आक्षेप होते आणि त्यांत तथ्यही होते. ही बंदी शिथिल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. मधल्या तीन दशकांत घरोघरच्या भजनांतून आणि मैफलींतून पेटी वाजतच राहिली.

गिटार आपल्याकडे दोन वाटांनी आली. एक वाट गोव्याची. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. असे शिकलेले वादक मुंबईस येऊन नृत्यगृहांच्या बँडमध्ये आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. मुंबईत गोवेकरांच्या गावोगावच्या ‘कुडी’ होत्या. नव्याने आलेल्या माणसाने आपले गाव सांगितले की त्याला पथारी टाकायला जागा मिळे आणि कामाची चौकशीही सुरू होई. इथे ओळख गावाची होती. मात्र वाद्यवृंदात बसल्यावर समोरचा कागद वाचून वाजवता येते की नाही, हीच खरी परीक्षा असे.

दुसरी वाट हवाई बेटांची. गिटार आडवी ठेवून तारांवरून धातूची कांब सरकवत वाजवण्याची रीत तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. जोसेफ केकुकू या वादकाला तिचे श्रेय दिले जाते. हवाईच्या वादकांचे ताफे जगभर फिरू लागले. त्यांपैकी टाऊ मो यांचे कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहिले होते. तेथून ‘हवाईयन गिटार’ बंगाली घरांत शिरली आणि तिच्यावर रवींद्रसंगीत व चित्रपटगीते वाजू लागली. आपल्या कानांना हा नाद परका वाटला नाही, याला कारण आहे. विचित्रवीणेवर आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्यावरही तारांवर गोटा सरकवूनच स्वर काढतात. पेटीला न साधणारी मींड या गिटारीला सहज साधत होती. तरी शास्त्रीय मैफलीत तिला जागा नव्हती. ‘आपण कोणाचे?’ या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नव्हते.

ते उत्तर मिळाले आपल्या मध्य प्रदेशातील मैहर या लहानशा गावामुळे.

मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे नाव आपल्या शहराला नवे नाही. राज्याची संगीत अकादमी त्यांच्याच नावाने भोपाळमध्ये १९७९ साली सुरू झाली. पण बाबांचा स्वतःचा प्रारंभ आठवावा. जन्म पूर्व बंगालमधील, आज बांगलादेशात असलेल्या, शिबपूर या खेड्यातला. लहानपणीच घर सोडून ते कलकत्त्यास आले, नाना वाद्ये शिकले. लोबो नावाच्या बँडमास्तरांकडून पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिनही शिकून घेतले. पुढे रामपूरला तानसेनाच्या परंपरेतील बीनकार वझीर खाँ यांच्याकडे शिकावे असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु तेथे या खेडुताला आत कोण घेणार? सांगण्यासारखे घराणे नाही, ओळखीचे पत्र नाही. अखेर त्यांनी नवाबाच्या गाडीसमोर स्वतःला झोकून दिले आणि आपली ओळख आपणच करून दिली, अशी कथा सांगितली जाते. कथेत तिखटमीठ किती हे बाजूला ठेवू. ते वझीर खाँचे शिष्य झाले, आणि पुढे मैहरच्या महाराज ब्रिजनाथसिंहांच्या दरबारी येऊन तेथेच स्थिरावले. गावातील अनाथ मुलांना जमवून त्यांनी मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्यांपासून ‘नलतरंग’ हे वाद्य तयार केले. कोणतेही वाद्य केवळ परदेशी आहे म्हणून त्यांनी नाकारले नाही. ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहरला त्यांचे निधन झाले, तोवर ‘मैहर’ हेच एका घराण्याचे नाव झाले होते. ज्याला सांगायला घराणे नव्हते, तोच इतरांनी अभिमानाने सांगावे असे घराणे होऊन बसला.

बाबांचे पुत्र अली अकबर खाँ काही वर्षे जोधपूरच्या दरबारी होते. तेथील संगीतप्रेमी काबरा कुटुंबाचा त्यांच्याशी स्नेह जुळला. या कुटुंबातील ब्रिजभूषण काबरा यांना हवाईयन गिटारचे वेड लागले. वडिलांनी अट घातली की वाजवायचे तर शास्त्रीय संगीतच, असे सांगतात. काबरांनी अली अकबर खाँकडे तालीम घेतली, गिटारला चिकारीच्या तारा जोडल्या आणि आलाप, जोड, झाला या क्रमाने राग वाजवण्यास आरंभ केला. आता ‘आपण कोणाचे?’ असे विचारल्यावर गिटारला सांगता येत होते, ‘मैहरचे.’

१९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अनेकांच्या संग्रही असेल. तीत काबरांची गिटार, शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे. काश्मीरच्या सूफियाना संगीतातून आलेल्या संतूरला १९५५ साली मुंबईत जाणकारांनी नाके मुरडली होती. चौरसिया एका पहिलवानाचे चिरंजीव. गिटार तर सातासमुद्रापलीकडची. मैफलीच्या दृष्टीने तिघेही उपरे म्हणावेत असे. त्यांना तबल्याची साथ मात्र एका मराठी कलावंताची, माणिकराव पोपटकर यांची. अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत एका काश्मिरी मेंढपाळाचा दिवस रंगवणारी ही तबकडी घरोघरी पोचली. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गिटारचे घराणे विचारले नाही.

यापुढचा टप्पा जयपूरच्या विश्वमोहन भट्टांचा. तेही पं. रविशंकरांचे शिष्य, म्हणजे मैहरचेच. त्यांनी गिटारला तरफांच्या तारा जोडून तिचे रूप पालटले आणि तिला ‘मोहनवीणा’ असे नाव दिले. आपल्याकडे सासरी आलेल्या मुलीचे नाव बदलण्याची चाल होती, तसेच हे झाले. काबरांनी मात्र आपल्या वाद्याला अखेरपर्यंत गिटारच म्हटले. दोन्ही मार्गांनी वाद्य घरचे झाले. नाव बदलणे अपरिहार्य नव्हते, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

भट्टांच्या बाबतीतील एक प्रसंग या लेखाच्या विषयाला अगदी नेमका लागू पडतो. १९९२ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील एका प्रार्थनागृहात ते अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासमवेत ध्वनिमुद्रणास बसले. दोघांची भेट होऊन तासभरही झाला नव्हता. घराणे सांगून उपयोग नव्हता, परीक्षांची प्रमाणपत्रे तर निरर्थकच. एकाने काही स्वर छेडले, दुसऱ्याने ते ऐकून उत्तर दिले. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या नावाने निघालेल्या त्या मुद्रिकेला १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. हा परिचय झाला तो केवळ ऐकण्यातून. पण दोघांच्याही बोटांत त्यांचे गुरू, त्यांच्या परंपरा होत्या, हेही विसरता येणार नाही.

आता आपल्या नातवंडांकडे वळू. गिटार घेऊन नव्या मंडळात बसणारी ही मुले बहुधा वाद्याची बनावट सांगतात, आवडत्या वादकांची नावे सांगतात, किती वर्षे वाजवतो ते सांगतात. आपल्यापैकी काहींना हा परिचय उथळ वाटतो. परंतु आवडत्या वादकाचे नाव सांगणे हेदेखील ऋण सांगणेच आहे. ज्याची ध्वनिमुद्रणे पुन्हा पुन्हा ऐकून हात बसवला, त्याचे नाव कृतज्ञतेने घेणारा मुलगा जुन्या रीतीपासून फार दूर गेलेला नाही. त्याला एवढेच सुचवावे की नाव घेताना ‘त्यांच्यापासून मी अमुक शिकलो’ हेही सांगावे, आणि ‘सध्या अमुक गोष्ट साधत नाही, ती शिकतो आहे’ हेही मोकळेपणाने सांगावे. शिकणाऱ्याला इतर लोक शिकवू शकतात. सारे येते म्हणणाऱ्याजवळ बसून कोणी काय करावे?

उरली आपली, म्हणजे ऐकणाऱ्यांची जबाबदारी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे राज्य झाले. त्यानंतर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून कितीतरी मराठी कुटुंबे बदलीच्या आदेशावर भोपाळला आली आणि तात्या टोपे नगरच्या सरकारी घरांत राहू लागली. ‘नागपूरचे’, ‘ग्वाल्हेरचे’ अशीच आपली ओळख होती. या शहराने आपल्याला मूळ गाव विचारले, पण तेवढ्यावरून आपली किंमत ठरवली नाही. आज आपली तिसरी पिढी ‘आम्ही भोपाळचे’ असे सहज म्हणते आणि त्यात मराठीपण कोठे उणे होत नाही. याच शहराच्या ध्रुपद केंद्रात उज्जैनच्या मराठी घरातले उदय भवाळकर डागर परंपरेत घडले. गुरू शोधणाऱ्याला गुरू मिळतो, त्यासाठी आधी दार उघडे असावे लागते.

म्हणून पुढच्या खेपेस घरातले मूल गिटार घेऊन समोर बसले की ‘गुरू कोण?’ हा प्रश्न थोडा वेळ मागे ठेवावा. आधी म्हणावे, ‘बस, काहीतरी ऐकव.’ वाजवून झाल्यावर ‘हे कोणापासून शिकलास?’ असे अवश्य विचारावे. प्रश्न जुनाच आहे, फक्त त्याचा क्रम बदलला आहे. रामपूरच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या शिबपूरच्या मुलाला एवढेच हवे होते.