अमेरिकन शिकाऱ्यांची बंदूक ठरवणारे दोन लेखक

इंटरनेट नव्हतं तेव्हा अमेरिकेतले शिकारी कोणती बंदूक घ्यायची हे मासिकं वाचून ठरवायचे. त्या काळातली दोन नावं आजही निघतात: जॅक ओ'कॉनर आणि एल्मर कीथ.

ओ'कॉनर 'आउटडोअर लाइफ' मासिकात अनेक वर्षं बंदुकांवर लिहायचे. १९२५ मध्ये आलेलं '.२७० विंचेस्टर' हे रायफलचं काडतूस त्यांचं लाडकं. गोळी हलकी असली तरी वेगवान असेल आणि नेमकी लागली, तर एल्कसारखं मोठं हरीणही पडतं, असं ते सांगत.

आयडाहोच्या कीथ यांचं मत उलट होतं. गोळी जाड आणि जडच हवी, नाहीतर जनावर जखमी होऊन पळतं, असं ते म्हणत. रिव्हॉल्व्हरसाठीही त्यांनी जास्त ताकदीच्या काडतुसाचा आग्रह धरला. १९५५ च्या सुमारास '.४४ मॅग्नम' बाजारात आलं, त्याचं बरंच श्रेय त्यांना दिलं जातं.

लोकांचा विश्वास बसला, कारण दोघं स्वतः शिकारी होते. पण एका माणसाचा अनुभव म्हणजे चाचणी नव्हे. शिवाय आज गोळ्यांची बनावटच बदलली आहे. त्यामुळे त्यांचे जुने सल्ले जसेच्या तसे लागू पडत नाहीत. वाद मात्र अजून रंगतो.