पोटोमॅकच्या गाळांतील पाहुणा

बालकाचें नांव बाराव्या दिवशीं ठेवण्याची आपली रीत. परंतु एका जंतूस जगापुढें आल्यावरहि नांवासाठीं सहा वर्षें तिष्ठावें लागलें. अमेरिकेंतील पोटोमॅक नदीच्या गाळांत तो डेरेक लव्हली व त्यांच्या सहकाऱ्यांस सांपडला. प्राणवायूऐवजीं लोहाच्या संयुगांवर तो श्वसन साधतो व मागें चुंबकीय खनिज ठेवतो, हें १९८७ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां 'जी. एस. १५' एवढीच त्याची ओळख होती. रायबोसोममधील आर. एन. ए. ताडून पाहतां, गंधकावर जगणारे जंतू त्याचे भाऊबंद ठरले. धंदा निराळा, कूळ एक! १९९३ सालीं 'जिओबॅक्टर मेटॅलिरिड्यूसन्स' हें नांव मिळालें. २०२० सालीं त्या कुळाचीहि पुनर्मांडणी सुचविली गेली. नांव मात्र टिकलें. आयुष्यभर शाळेचा पट लिहिलेल्या मला यांतून एकच बोध होतो: व्यवसायावरून कूळ ठरवूं नये, आणि पारख पुरी होईतों नांव लिहूं नये.