अंगणातली थाळी आणि आकाशगंगेचा आवाज

१/७
सन १९३७. अमेरिकेतील शिकागोजवळचे व्हीटन हे छोटेसे गाव. त्या उन्हाळ्यात तेथील एका घराच्या अंगणात, लाकडी सांगाड्यावर पत्रे ठोकून सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची थाळी उभी राहिली. शेजारी चक्रावले. ती बांधणारे होते ग्रोट रेबर. वय अवघे २५.

२/७
रेबर पेशाने रेडिओ अभियंते आणि छंदाने परवानाधारक हौशी रेडिओचालक. दूरदेशींचे क्षीण संकेत टिपण्यात मुरलेल्या या तरुणाला आता पृथ्वीबाहेरचे संकेत ऐकायचे होते.

३/७
त्याला कारणही होते. आकाशगंगेतून रेडिओलहरी येतात, हा बेल प्रयोगशाळेतील कार्ल जान्स्की यांचा शोध १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. परंतु खगोलशास्त्रज्ञांनी तो फारसा मनावर घेतला नाही. रेबर यांनी बेलमध्ये नोकरी मागितली. महामंदीच्या त्या काळात जागा नव्हती. मग स्वखर्चाने घरीच अँटेना उभारण्याचे त्यांनी ठरवले.

४/७
थाळी केवळ उत्तर-दक्षिण दिशेत कलवता येई. उरलेले आकाश पृथ्वीचे परिवलनच तिच्यासमोर आणून ठेवी. दिवसा नोकरी, रात्री निरीक्षण. मोटारींच्या इंजिनांतील ठिणग्यांमुळे होणारी खरखरही रात्रीच ओसरत असे.

५/७
हे प्रारण उष्णतेतून निर्माण होत असेल, तर उच्च वारंवारतेला ते अधिक प्रबळ असणार, असा तर्क होता. म्हणून आरंभ ३३०० मेगाहर्ट्झपासून झाला. काहीच मिळाले नाही. मग ९१०. पुन्हा शांतता. थाळी तीच ठेवून रेबर यांनी ग्राहकयंत्र नव्याने बांधले आणि १६० मेगाहर्ट्झला आकाशगंगेचा संकेत अखेर हाती लागला.

६/७
आधीची दोन्ही अपयशे आता पुरावा ठरली. वारंवारता वाढताच क्षीण होणारे हे प्रारण उष्णतेचे नव्हते. चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने घिरट्या घालणारे इलेक्ट्रॉन ते निर्माण करतात, हा उलगडा पुढे १९५० च्या दशकात मान्यता पावला.

७/७
१९४४ मध्ये रेबर यांनी रेडिओ आकाशाचे नकाशे प्रसिद्ध केले. आज पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण उभी आहे. तिच्या निरीक्षणपट्ट्यांपैकी एक १५० मेगाहर्ट्झच्या आसपासची आहे; म्हणजे व्हीटनच्या अंगणात पहिले यश मिळाले, त्याच टापूतली.