मानद पदवी : कोणाचा मान, कोणाचं देणं?

गेल्या महिन्यात नवी पेठेत एक फ्लेक्स लागला होता. काळा झगा, चौकोनी टोपी, हातात गुंडाळी धरलेला एक इसम, आणि खाली 'मानद डॉक्टरेट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. अभिनंदन करणाऱ्यांची नावं पस्तीस. पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव मात्र शोधून सापडलं नाही. मी तिसरी पाळी करून घरी चाललो होतो. कानात रिंगफ्रेमची घरघर तशीच होती. तरी थांबलो आणि फ्लेक्स पुरता वाचला. त्याला कारण होतं.

आठ दिवसांआधी मलाच एक फोन आला होता. "आपल्या काव्यसेवेची दखल घेऊन संस्थेनं आपल्याला मानद डॉक्टरेट द्यायचं ठरवलं आहे. झगा, टोपी, मेडल, फोटो धरून पंधरा हजार." माझा एक बी संग्रह निघालेला नाही. दहा-बारा कविता आल्यात, त्या बी असल्याच अंकांत. बी.ए.चं पहिलं वर्ष पाळ्यांच्या पायी सुटलं. खोटं कशाला सांगू, मन हललं. नावापुढं 'डॉ.' लावून बघितलं. आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "डॉक्टर झालास तर तिसरी पाळी सुटंल का रं? न्हाई ना? मग पंधरा हजार कशाला?"

फोनवाल्याला नाही म्हटलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. ही मानद पदवी कोण देतं, कोणाला देतं, आणि आपल्या माणसाला ती कधी दिली? सुट्टीच्या वारी वाचनालयात बसून जे हाती लागलं ते मित्रांनो, तुमच्यापुढं ठेवतो.

ह्या प्रथेचा उगम इंग्लंडातला धरतात. १४७८-७९च्या सुमारास ऑक्सफर्डनं लायोनेल वुडविल नावाच्या एका धर्माधिकाऱ्याला नेहमीच्या अटी माफ करून पदवी देऊ केली. हा गृहस्थ कोण? राजाचा मेहुणा. म्हणजे पहिल्या दिवसापासून दरबाराचा वास. आपल्याकडं कलकत्ता विद्यापीठानं १८७६ साली कायद्याची मानद डॉक्टरेट दिली ती इंग्लंडच्या युवराजाला. त्यानं कुठला पेपर लिहिला होता? राणीच्या पोटी जन्मला, झाला पेपर.

कधी कधी उलटंही घडतं. १९८५ साली त्याच ऑक्सफर्डच्या शिक्षकांनी पंतप्रधान मार्गारेट थॅचरला मानद पदवी नाकारली. मतं पडली विरोधात ७३८ आणि बाजूनं ३१९. बाई तिथलीच विद्यार्थिनी, पण सरकारनं शिक्षणाचा पैसा कापला होता. म्हणजे पदवी देण्यात राजकारण असतं तसं नाकारण्यातही असतं, आणि ते नेहमी वाईटच असतं असं नाही.

आपल्या राज्यात रीत कायद्यानं बांधलेली आहे. आधी कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, संमती घ्यायची. मग व्यवस्थापन परिषदेनं शिफारस करायची. मग अधिसभेत हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश मतं पडली पाहिजेत. माणसाची परीक्षा घ्यायची नाही, त्याचं कर्तृत्व आणि लोकसेवा बघायची. आणि पदवी देण्याचा हक्क कोणाला? १९५६चा विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा सांगतो, की कायद्यानं स्थापन झालेल्या किंवा कायद्यानं तो हक्क दिलेल्या विद्यापीठालाच. बाकी कोणी पदवी वाटली तर त्या कायद्यात दंड लिहिला तो एक हजार रुपयांपर्यंत. एका झग्याचे पंधरा हजार आणि दंड एक हजार. धंदा का चालतो ते वेगळं सांगायला नको.

आता बाबासाहेबांकडं येऊ. आपल्या घरोघरी त्यांच्या फोटोखाली पदव्यांची ओळ असते. लहानपणी ती आम्ही पाढ्यासारखी म्हणायचो. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर-अ‍ॅट-लॉ, एलएल.डी., डी.लिट. त्यातल्या शेवटच्या दोन मानद. हे मला फार उशिरा कळलं.

कोलंबिया विद्यापीठात ते १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर गेले. १९१५ला एम.ए. झाले. पीएच.डी.ची पदवी हातात पडली १९२७ला, कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती द्यायचा तिथला नियम होता, आणि छापायला पैसा लागतो. त्याच कोलंबियानं ५ जून १९५२ रोजी त्यांना बोलावून एलएल.डी. दिली. घटनाकार, थोर समाजसुधारक, मानवी हक्कांचा झुंजार पाठीराखा म्हणून गौरव केला. आणि इथं काय चाललं होतं? हिंदू कोड बिल अडवलं म्हणून सप्टेंबर १९५१मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं. १९५२च्या जानेवारीत मुंबईनं त्यांना लोकसभेला पाडलं होतं. घरानं पाडलेल्या माणसाला परक्यानं उभं राहून मान दिला.

त्यानंतर १२ जानेवारी १९५३ रोजी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानं डी.लिट. दिली. औरंगाबादला त्यांनी १९५० साली काढलेल्या महाविद्यालयातली पोरं तेव्हा ह्याच विद्यापीठाची परीक्षा देत होती, कारण मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता.

हिशेब मांडून बघा. युवराजाला जन्म पुरला. आमच्या माणसाला मानद पदवी मिळायच्या आधी पाच पदव्या कमवाव्या लागल्या आणि एका देशाची घटना लिहावी लागली. परीक्षा न घेता देतात म्हणे! आमची परीक्षा तर आयुष्यभर चालूच होती.

न्यायानं दिलेल्या पदव्याही आहेत, त्या मी लपवणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिकही नव्हते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली. पुणे विद्यापीठानं त्यांना १९५९ साली डी.लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. चाळीस वर्षांचं काम, आणि मान आला तो अखेरच्या दिवसांत.

अण्णाभाऊ साठे शाळेत गेले ते दीड दिवस. गिरणीत राबले, 'फकिरा' लिहिली, आणि १९६९ साली दारिद्र्यात गेले. आज त्यांच्यावर प्रबंध लिहून लोक डॉक्टर होतात. दीड दिवसाच्या शाळेवर इतके डॉक्टर निघाले! मान कोणी कोणाला दिला मग?

एका दुपारी झगा घालणाऱ्या ह्याच विद्यापीठांच्या जगात नुसतं एक नाव द्यायला किती वेळ लागला, तेही आठवा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. लगेच गावागावांत आपली घरं जळाली. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंचा खून झाला. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ला. साडेपंधरा वर्षं. बाबासाहेबांना त्या नावाची गरज नव्हती. गरज विद्यापीठाला होती, आणि किंमत आपण मोजली.

मला माझ्या खात्याचा इतिहास आठवतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आमच्या लोकांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि विटाळ होई. पगार जास्त तिथं दार बंद, म्हणून आपली माणसं रिंगखात्यात. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं केला. माझा बापही रिंगखात्यातच म्हातारा झाला. चात्याच्या आवाजावरून काय झिजलं ते सांगायचा. कितीक पोरांना त्यानं तुटलेला धागा सांधायला शिकवलं. २०२२ साली अनुदान आयोगानं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून नवी वाट काढली. पदवी नसली तरी चालेल, पंधरा वर्षांचा अनुभव पाहिजे, पण तो शक्यतो वरिष्ठ पदावरचा. मानदही नेमता येतात. मी विचारतो, आमच्या बापाचं पद त्यांच्या कोणत्या रकान्यात बसतं?

शेवटी आपल्या गावाची गोष्ट. बहिष्कृत हितकारिणी सभेनं हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या पोरांसाठी वसतिगृह काढलं ते सोलापुरात, १९२५च्या जानेवारीत. नगरपालिका महिन्याला चाळीस रुपये द्यायची. सभा पोरांचं खाणं, कपडे, वह्या बघायची. बाबासाहेब तेव्हा डी.एस्सी. आणि बॅरिस्टर झालेले होते. मानपत्रं गोळा करत फिरले असते तर कोणी अडवलं असतं? त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना परीक्षेला बसता यावं म्हणून खानावळीचा हिशेब मांडला. माझ्या लेखी सोलापुरात दिली गेलेली सगळ्यात मोठी मानद पदवी ती. चाळीस रुपये महिना.

तेव्हा विद्यापीठांना एवढंच सांगणं आहे. झगे कोणाला द्यायचे ते देत बसा. आमचं देणं मात्र वसतिगृहात, वेळेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीत आणि पाळी करणाऱ्या पोराला जमेल अशा वेळापत्रकात फेडा.

मी ह्या वर्षी मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा फॉर्म पुन्हा भरला आहे. फी पंधरा हजाराच्या कितीतरी खाली आहे. पेपर सकाळचा आहे, म्हणून आदल्या रात्रीची तिसरी पाळी बदलून मिळते का, ते जॉबरला विचारून ठेवलंय.