चंद्राची छायाचित्रे आणि गॅरेजमधील यंत्रे

२३ ऑगस्ट १९६६ रोजी 'लुनार ऑर्बिटर-१' या अमेरिकन यानाने चंद्राभोवती फिरत असताना आपला कॅमेरा पृथ्वीकडे वळवला. समोर चंद्राचे खडबडीत क्षितिज आणि त्याच्यावर अर्धवट उजळलेली पृथ्वी! चंद्राच्या कक्षेतून घेतलेले पृथ्वीचे हे पहिले छायाचित्र. लोकांनी तेव्हा पाहिलेले चित्र मात्र पट्ट्यापट्ट्यांचे आणि भुरकट होते. हेच छायाचित्र नोव्हेंबर २००८ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाले. या वेळी ते कितीतरी स्पष्ट होते. मधल्या ४२ वर्षांत त्यासाठी नवे यान पाठवले नव्हते. मग हा तपशील आला कोठून?

याचे उत्तर समजण्यासाठी यानातील कॅमेरा कसा होता ते पाहू. अपोलो मोहिमांना उतरण्यासाठी सुरक्षित जागा शोधायची, या मुख्य हेतूने १९६६ आणि १९६७ या दोन वर्षांत अशी पाच याने पाठवली गेली. त्या काळी अंकीय कॅमेरे नव्हते. यानात ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म होती. छायाचित्र घेतले की फिल्म यानातच धुतली जाई. नंतर प्रकाशाचा बारीक झोत तिच्यावरून फिरे आणि कोठे किती उजेड पार जातो त्यानुसार विद्युत संकेत तयार होई. हा संकेत रेडिओलहरींवरून गोल्डस्टोन (कॅलिफोर्निया), माद्रिद (स्पेन) आणि वूमेरा (ऑस्ट्रेलिया) येथील केंद्रांवर येई.

पृथ्वीवर त्याची नोंद दोन प्रकारे होत असे. एक, चुंबकीय फितीवर. दोन, ३५ मिलिमीटर फिल्मच्या पट्ट्यांवर. या पट्ट्या शेजारी शेजारी जोडून त्यांचे पुन्हा छायाचित्र घेत. वापरात आली ती हीच चित्रे. आपण एखाद्या पानाची झेरॉक्स काढली, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढली, तर प्रत्येक वेळी अक्षरे थोडी पुसट होतात. येथेही तेच झाले. गडद सावल्यांतला आणि प्रखर उजेडातला तपशील हरवला. फितीवर मात्र तो शाबूत होता.

अशा फिती सुमारे १५०० होत्या. प्रत्येक दोन इंच रुंद. त्या वाचणारी 'अँपेक्स एफआर-९००' ही यंत्रे मोठ्या कपाटाएवढी, महागडी आणि मोजकीच. अपोलो मोहिमा संपल्या, यंत्रे कालबाह्य झाली आणि १९८०च्या दशकात प्रश्न उभा राहिला : या फिती ठेवायच्या की नष्ट करायच्या? निर्णय जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील अभिलेखपाल नॅन्सी इव्हान्स यांच्यापुढे आला. त्यांनी फिती नष्ट करण्यास नकार दिला. एवढ्यावर न थांबता त्यांनी सरकारने मोडीत काढलेली चार यंत्रे मिळवली आणि आपल्या घरच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे सांभाळली. यंत्र नसेल तर फितीचा काही उपयोग नाही, हे त्या जाणून होत्या. दुरुस्तीचे प्रयत्न तेव्हाही झाले, पण पैशाअभावी अडले.

२००७ नंतर डेनिस विंगो आणि कीथ कोविंग यांनी हे काम हाती घेतले. फिती आणि यंत्रे नासाच्या एम्स संशोधन केंद्राच्या आवारात आणली गेली. जागा मिळाली ती मॅकडोनाल्ड्सच्या बंद पडलेल्या उपाहारगृहाची! चार यंत्रांतले चांगले भाग एकत्र करून एक यंत्र चालू केले गेले. फीत वाचणारी झिजलेली शीर्षे दुरुस्त करावी लागली. फितीवरील संकेतातून चित्र वेगळे काढणारे मंडल पुन्हा उभे करावे लागले. जुनी माहितीपुस्तके शोधली गेली आणि ही यंत्रे पूर्वी हाताळलेल्या तंत्रज्ञांचे अनुभव कामी आले. अखेर संकेत वाचला गेला आणि त्याचे अंकीय रूपांतर झाले. पृथ्वीचे ते जुने छायाचित्र नव्याने प्रकटले ते असे.

याच्या अगदी उलट गोष्ट अपोलो-११ची. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून येणारा दूरचित्रणाचा मूळ संकेत फितींवर नोंदला होता. घरोघरी दिसले ते त्याचे रूपांतरित, कमी दर्जाचे चित्र. पुढे फितींचा तुटवडा पडला तेव्हा हजारो जुन्या फिती पुसून पुन्हा वापरण्यात आल्या. त्यांतच या फितीही गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये जाहीर केला. मग चित्रण सुधारले कशावरून? दूरचित्रवाणीच्या संग्रहांत आणि इतरत्र राहिलेल्या प्रतींवरून. मूळ गेले, पण प्रती अनेक ठिकाणी होत्या म्हणून काहीतरी हाती लागले.

या दोन घटना एकत्र पाहिल्या की आपल्या संगणकातील छायाचित्रांचा प्रश्न नीट कळतो. अंकीय छायाचित्र म्हणजे आकड्यांची लांबलचक यादी. यादीची बिनचूक नक्कल कितीही वेळा करता येते. झेरॉक्ससारखी ती पुसट होत नाही. नक्कल बिनचूक आहे का, हेही तपासता येते. संगणक सर्व आकड्यांवर ठराविक गणित करून एक छोटी संख्या काढतो. तिला 'चेकसम' म्हणतात. मूळ आणि प्रत यांचे चेकसम जुळले नाहीत, तर काहीतरी बदलले आहे हे नक्की.

परंतु चकती जपली म्हणजे चित्र जपले असे नव्हे. आमच्याच प्रयोगशाळेत जुन्या प्रयोगांच्या छायाचित्रांच्या फ्लॉपी आम्ही कुलूपबंद कपाटात नीट लेबले लावून ठेवल्या होत्या. गरज पडली तेव्हा त्या वाचणारे यंत्र आमच्याकडे उरले नव्हते. एक यंत्र उसने आणले, तर निम्म्या फ्लॉपी वाचल्याच गेल्या नाहीत. प्रती करण्यात आम्ही काटेकोर होतो, पण मधल्या वर्षांत त्या एकदाही उघडून पाहिल्या नव्हत्या.

शाळेच्या स्नेहसंमेलनाची, सहलींची, विज्ञान प्रदर्शनांची छायाचित्रे आज बहुधा एखाद्याच संगणकात किंवा एका शिक्षकाच्या मोबाइलमध्ये असतात. विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घेता येईल. या छायाचित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर करा आणि त्यांतील एक शाळेबाहेर ठेवा. महिन्याभराने, मूळ संग्रह नाहीच असे समजून, शाळेबाहेरच्या प्रतीवरून सर्व छायाचित्रे दुसऱ्या संगणकावर परत आणा. संख्या मोजा, चेकसम जुळवा, काही चित्रे उघडून पाहा. किती परत आली, किती नाही आणि का, याची नोंद वहीत करा. दर वर्षी हाच प्रयोग पुन्हा करा. साधन जुने होत चालले असेल, तर ते वाचता येते तोवरच छायाचित्रे नव्या साधनावर हलवा.