‘ताप’ नावाचा रकाना

वर्गीकरणाचा इतिहास आपण सहसा नावांचा इतिहास म्हणून वाचतो. रोगांच्या वर्गीकरणात मात्र जिथे नाव सापडले नाही, ते रकानेच आम्हांस अधिक बोलके वाटतात.

लंडनमधील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांचा अभ्यास जॉन ग्रांट याने १६६२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या याद्यांत देवी आणि प्लेग यांच्या शेजारी ‘म्हातारपण’ व ‘अकस्मात’ हीही मृत्यूची कारणे म्हणून नांदत होती. कारण ठरवीत असत प्रेत पाहण्यासाठी नेमलेल्या वृद्ध स्त्रिया. चिरीमिरी घेऊन त्या उपदंशाचा मृत्यू दुसऱ्याच नावाखाली झाकतात, असा ग्रांटचा संशय होता.

पुढे जाक बर्टियों याने १८९३ मध्ये शिकागो येथे मांडलेल्या सूचीतून आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वाढत गेले. १९४८ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. त्याच्या दहाव्या आवृत्तीत उरलेल्यांसाठी दोन घरे आहेत. जे१५.८ म्हणजे ‘अन्य’ जिवाणूजन्य न्यूमोनिया : जिवाणू ठाऊक आहे, पण सूचीत त्याला स्वतंत्र जागा नाही. जे१५.९ म्हणजे ‘अनिर्दिष्ट’ : जिवाणू कोणता, हे नोंदीत लिहिलेलेच नाही. पहिल्यात सूची अपुरी पडते, दुसऱ्यात नोंद. हा भेद पुसला, की वेगळेपण आणि अज्ञान एकाच गाठोड्यात बांधले जाते.

ब्रिटिशकालीन हिंदुस्थानात अशा गाठोड्याचे नाव ‘ताप’ हे होते. खेड्यातील मृत्यूची वर्दी चौकीदार किंवा पाटील देई. वैद्यकीय तपासणी बहुधा झालेलीच नसे. हिवताप, विषमज्वर, काळा आजार, सारे त्याच रकान्यात पडत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे बहुसंख्य बळीही तिथेच गेले. कोटीहून अधिक माणसांची ही संख्या अभ्यासकांना पुढे आधीच्या वर्षांशी तुलना करून अनुमानाने काढावी लागली.

मग हा रकाना नसावाच काय? तसे झाले तर कारकून खोटे नाव लिहील. २०१९ च्या अखेरीस वूहानमधील रुग्णांविषयी ‘अज्ञात कारणाचा न्यूमोनिया’ असेच लिहिले गेले आणि त्या प्रामाणिक नोंदीतून शोध सुरू झाला. २०२० मध्ये कोविडला यू०७.१ हा संकेतांक मिळाला. विषाणू चाचणीत सिद्ध न झालेल्या रुग्णांसाठी यू०७.२ हाही सोबत ठेवावा लागला.

त्रुटित पोथीचा चांगला संपादक गळालेली ओळ पदरची घालून भरत नाही. इथे काही होते, एवढी खूण ठेवतो. ‘अनिर्दिष्ट’ ही तशीच खूण आहे. ती कोणत्या गावांत, कोणत्या वस्त्यांत दाट पडली आहे हे पाहिले, तर डॉक्टर कुठवर पोचलाच नाही, हे पुष्कळदा आपणांस वाचता येते.